गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’ आणि बोलणाऱ्याचे ज्ञान



आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने मोटारीच्या इंजिनावर व्याख्यान द्यावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ही व्याख्यानमाला एका विज्ञानशिक्षकांच्या स्मृत्यर्थ आहे आणि आपले गुडीहत्नूर महामार्गावरचे गाव आहे. पूर्वी ज्याला सात नंबरचा आणि आता चव्वेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग म्हणतात, त्यावरून नागपूर-हैदराबाद वाहतूक अहोरात्र चालते. येथूनच इंद्रवेल्ली-उटनूरकडे फाटा फुटतो. या शाळेचे कितीतरी विद्यार्थी चालक झाले, मिस्त्री झाले, सुट्या भागांचे दुकानदार झाले. त्यांच्या बोलण्यात गेली काही वर्षे एक तक्रार मी सतत ऐकतो : मोटार कंपन्यांच्या साहेब लोकांना इंजिनातले काही कळत नाही, आणि वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांना तर त्याहून कळत नाही. शहरातील हौशी मोटारप्रेमीही हेच म्हणतात, फक्त जरा इंग्रजीत.

ही तक्रार खरी आहे काय? इंजिनाचा मी जाणकार नाही. परंतु इंजिनाविषयीची विधाने वाक्यांतूनच केली जातात, आणि वाक्याचा अभ्यास हा माझा व्यवसाय होता. तेव्हा त्या बाजूने या प्रश्नाकडे पाहण्याचा अधिकार मी घेतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, शंका घेणाऱ्यांची शंका बहुधा रास्त असते, पण तिचा रोख चुकतो. साहेबांना झडप आणि दट्ट्या ठाऊक नसतात असे नव्हे. आकडा सांगताना तो कशाच्या तुलनेत, कोणत्या स्थितीत आणि कोणी मोजला, हे ते सांगत नाहीत. ते विचारण्याइतके ज्ञान दहावी झालेल्या कोणाकडेही असते.

प्रथम आपल्याच तोंडचा एक शब्द घ्या. ‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न आदिलाबादपासून पांढरकवड्यापर्यंत आणि किनवटपासून राजुऱ्यापर्यंत सारखाच विचारला जातो. शुद्धतावादी मंडळी या शब्दाला हसतात, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘सरासरी’. कंपन्या ‘मायलेज’ म्हणतात, जरी आपण मैल सोडून किलोमीटर धरल्याला साठ-पासष्ट वर्षे लोटली. मला मात्र लोकांचा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणताच हे मान्य केले जाते की गाडी एका फेरीत एक, दुसऱ्या फेरीत दुसरा आकडा दाखवते. निर्मलच्या बाजूचा महबूब घाट चढताना निराळा, पैनगंगेच्या पुलाकडे सपाटीने जाताना निराळा. सरासरी म्हटले की ‘कशाची?’ हा प्रश्न ओघाने येतो. ‘मायलेज’ मात्र गाडीचा अंगभूत गुण असावा, जसा माणसाचा रंग किंवा उंची, अशा थाटात सांगितले जाते.

तो आकडा येतो कोठून? पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था आहे. तिचे आद्याक्षरी नाव ‘एआरएआय’. (मराठी विज्ञान परिषदही १९६६ सालचीच. या दोन संस्थांची शब्दांच्या निमित्ताने गाठ पडती तर बरे झाले असते, असे मनात येते.) गाडीविक्रीच्या दुकानात जो मायलेजचा आकडा सांगतात, तो अशा मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीचा असतो. गाडी मोठ्या रुळांवर उभी करतात. चाके फिरतात, गाडी जागची हलत नाही. ठरलेल्या वेळापत्रकाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचे. भारतात वर्षानुवर्षे वापरलेले हे चक्र ११८० सेकंदांचे, म्हणजे वीस मिनिटांच्या आतले, आणि त्यातला सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर. विशेष म्हणजे या चाचणीत टाकीतले पेट्रोल मापून पाहत नाहीत. धुराड्यातून निघालेल्या वायूंतील कार्बन मोजतात आणि त्यावरून किती पेट्रोल जळले याचा हिशेब मांडतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. दोन गाड्यांची तुलना करायची तर अशीच चाचणी हवी, कारण दोघींना एकच परीक्षा द्यावी लागते. पण ती परीक्षा गुडीहत्नूरच्या उन्हात, वातानुकूल यंत्र लावून, मागे चार माणसे व टपावर सामान लादून झालेली नसते. कंपनीचा माणूस ‘लिटरला पंचवीस’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. तो अर्धेच वाक्य बोलतो.

अश्वशक्ती या शब्दाचेही असेच झाले. आपल्या शेतकऱ्याला ‘पाच एचपीची मोटर’ म्हणजे काय हे वर्तमानपत्राच्या वार्ताहरापेक्षा चांगले समजते, कारण त्याने ती विहिरीवर बसवलेली असते. जेम्स वॅटने ठरवलेले माप मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याचे. आपल्या हिशेबात सेकंदाला सुमारे ७६ किलो वजन एक मीटर वर. पाण्याच्या भाषेत बोलायचे तर दहा मीटर खोल विहिरीतून एक अश्वशक्ती सेकंदाला साडेसात लिटरच्या आसपास पाणी काढील, तेही पंपात आणि नळात काहीच वाया गेले नाही तर. म्हणजे अश्वशक्तीत काम आणि वेळ दोन्ही आले. उलट टॉर्क म्हणजे नुसता पीळ. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे दहा किलोचे वजन लटकवा, नटावर शंभर न्यूटन-मीटरच्या जवळपास टॉर्क पडला. नट गंजलेला असेल आणि हललाच नाही, तरी टॉर्क आहेच. शक्ती मात्र शून्य, कारण काम झाले नाही. टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती येते. मालट्रकचे इंजिन सावकाश फिरून मोठा पीळ देते, मोटारसायकलचे छोट्या पिळाने भराभर फिरते.

आता एखाद्या नव्या गाडीची बातमी काढा. सीसी, बीएचपी आणि न्यूटन-मीटर हे तिन्ही आकडे ‘ताकद’ या एकाच शब्दाखाली येतात. सीसी हे तर सिलिंडरमध्ये दट्ट्या जेवढी जागा व्यापतो तिचे आकारमान. घागरीचे माप सांगून विहिरीचे पाणी किती ते ठरवावे, तसा हा प्रकार. आणि टॉर्क किती फेऱ्यांना मिळतो हे न सांगता टॉर्कचा आकडा छापणे म्हणजे पगार सांगून तो महिन्याचा की वर्षाचा ते न सांगणे. मोटारप्रेमी हे वाचतात आणि हसतात. त्यांचे हसू मला समजते.

परंतु हसण्यावारी न्यावी अशी गोष्ट नाही हे २०२५ साली सर्वांना कळले. त्या वर्षी पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने गाठले. मूळ मुदत २०३० ची, ती अलीकडे आणली गेली होती. त्या उन्हाळ्यापासून गाडीमालकांनी तक्रारी सुरू केल्या की अ‍ॅव्हरेज पडले, जुन्या गाडीचे रबरी भाग खराब होतात, पंपावर दुसरा पर्याय मिळत नाही. ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासे केले, वाहन उद्योगाच्या प्रतिनिधींनी पत्रकारांपुढे हमी दिली, आणि १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याविषयीची जनहित याचिका फेटाळली. या सर्व काळात दोन वाक्ये समोरासमोर उभी होती : एक ‘काहीही फरक पडत नाही’, दुसरे ‘गाडीची वाट लागली’. वृत्तपत्रांनी एके दिवशी पहिले छापले, दुसऱ्या दिवशी दुसरे. मधला हिशेब करून पाहण्याची तसदी थोड्यांनीच घेतली.

तो हिशेब आपण येथेच करू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे इथेनॉल एक तृतीयांशाने उणे. वीस टक्के मिश्रणात ८० भाग पेट्रोलचे २५.६ आणि २० भाग इथेनॉलचे ४.२, एकूण २९.८. निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ही घट सुमारे सात टक्के. परंतु २०२२ च्या मध्यापासून देशात दहा टक्क्यांचे मिश्रण सरासरीने पोचलेलेच होते. त्याची ऊर्जा ३०.९. त्याच्याशी तुलना केली तर घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालातही हेच चित्र होते : निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के, तशा दुचाकींत तीन ते चार टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी रचून वीससाठी जुळवलेल्या चारचाकींत एक ते दोन टक्के घट. एकच प्रश्न, तीन उत्तरे. गाडी कोणती यावर अवलंबून. हा अहवाल चार वर्षे सर्वांना उपलब्ध होता. तो उघडून पाहणाऱ्या वार्ताहराला ‘फरक पडतो काय?’ असा प्रश्न विचारण्याची गरजच पडली नसती. ‘माझ्या वाचकांपैकी कोणाला किती पडतो?’ असे त्याने विचारले असते.

हे टक्के क्षुल्लक वाटतात. पेट्रोलवर टॅक्सी चालवणारा आपला एखादा माजी विद्यार्थी दिवसाला शंभर किलोमीटर जातो, अ‍ॅव्हरेज पंधरा, पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी शंभर रुपये लिटर धरू. अ‍ॅव्हरेज पाच टक्क्यांनी उतरले तर दिवसाला पस्तीस रुपये अधिक जातात, महिन्याला हजारावर. मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याच्या लेखी हा फरक ‘नगण्य’ असेल. हजार रुपये ही एखाद्या घरातील मुलाच्या वह्या-पुस्तकांची रक्कम असते.

या वादात एक तांत्रिक घोटाळा मात्र अधिकृत बोलण्यातच वारंवार झाला, तो जरा उलगडून सांगतो. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त, म्हणून गाडी अधिक चांगली धावते, असे सांगितले गेले. पहिला भाग खरा आहे. पेट्रोल इंजिनात दट्ट्या हवा-इंधनाचे मिश्रण दाबतो आणि मग ठिणगी पडते. दाब फार झाला तर मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपणहून पेटते आणि इंजिन खटखटते. त्याला आपले मिस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. ऑक्टेन अंक म्हणजे या आगाऊपणाला इंधन किती विरोध करते याचे माप. ती इंधनाची शिस्त झाली, ऊर्जा नव्हे. शिस्तीचा फायदा घ्यायचा तर इंजिनाचा दाब मुळातच वाढवून ते घडवावे लागते, किंवा ठिणगीची वेळ पुढे सरकवावी लागते. नव्या गाडीतला संगणक हे थोडेफार करू शकतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीला तो संगणक नसतो. तिला इथेनॉलचे दुसरे लक्षणही सोसावे लागते : पेट्रोलला जळायला वजनाने साडेचौदा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पटच. मिश्रणात इथेनॉल वाढले आणि कार्ब्युरेटर पूर्वीसारखाच राहिला तर हवा अंमळ जास्त होते, गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते. हे आपल्या मिस्त्रीने ओळखले. ‘प्रगत इंधनामुळे उत्तम पिकअप’ असे सरसकट म्हणणाऱ्याने ओळखले नाही, किंवा ओळखून सांगितले नाही. मालकाच्या हाती मात्र गाडीची माहितीपुस्तिका होती, आणि अनेक जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे कंपनीनेच छापलेले होते. पुस्तिका लिहिणारा अभियंता आणि पत्रकारांपुढे बोलणारा अधिकारी एकाच छपराखाली काम करतात. त्यांची वाक्ये जुळली नाहीत, तर ग्राहकाने कोणते खरे धरावे?

वृत्तपत्री मराठीविषयी थोडे बोलणे मला प्राप्त आहे. नमुन्यादाखल मीच एक वाक्य रचतो : ‘नव्या इंजिनामुळे इंधनाची मोठी बचत होणार असल्याचे या वेळी सांगण्यात आले.’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष. पण कर्ता नाहीसा झाला आहे. कोणी सांगितले? ‘मोठी’ हे कशाच्या तुलनेत? ‘होणार’ हे मोजमाप की आशा? ‘सांगण्यात आले’ या प्रयोगाने वार्ताहराची जबाबदारी टळते आणि बोलणाऱ्याचीही. तसेच ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय. ‘लिटरला २५ किलोमीटरपर्यंत’ याचा अर्थ पंचविसाच्या वर नाही, खाली कितीही. जाहिरातीत मात्र तेच ‘पर्यंत’ वचनासारखे वाचले जाते. वार्ताहराला थर्मोडायनॅमिक्स यावे अशी अपेक्षा नाही. कंपनीने दिलेल्या छापील मजकुरातले ‘पर्यंत’ त्याच्या लक्षात यावे, एवढी आहे. तासाभरात बातमी द्यायची, गाडी कंपनीची, प्रवासखर्चही अनेकदा कंपनीचाच, अशा स्थितीत ते कठीण असते हेही मी जाणतो.

अधिकाऱ्यांबद्दल सरसकट बोलणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राच्या उद्योगाची घडण ज्यांनी केली त्यांतले कित्येक यंत्राला हात लावणारे होते. शंतनुराव किर्लोस्करांनी अमेरिकेतील एमआयटीत यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. टेल्कोची धुरा वाहणारे सुमंत मुळगावकर अभियंतेच, आणि ‘सुमो’ हे गाडीचे नाव त्यांच्या नावाडनावाच्या आद्याक्षरांवरून पडले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. आम्ही मराठीचे अध्यापक तिच्याकडे एका मोठ्या वाङ्मयीन मासिकाचे मूळ म्हणून पाहतो, पण नांगर करणाऱ्या कारखान्याला आपल्या गिऱ्हाइकांशी मराठीत बोलावेसे वाटले, हे मला तितकेच महत्त्वाचे वाटते.

आणि ज्ञान असले म्हणजे सत्य बोलले जातेच असेही नाही. २०१३ साली जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीने २००५ पासूनच्या सुमारे १,१४,००० टवेरा गाड्या परत बोलावल्या. प्रदूषण-तपासणीसाठी जाणाऱ्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवली जात होती, असे कंपनीच्याच चौकशीत निघाले आणि काही कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. ज्यांनी इंजिने निवडली त्यांना इंजिन उत्तम कळत होते! फोक्सवॅगनचे प्रकरण त्याहून मोठे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजमापाची उपकरणे गाडीत ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली, तेव्हा धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कित्येक पट आढळली. प्रयोगशाळेतील रुळांवर गाडी आहे हे तिच्या संगणकाला ओळखता येत होते आणि तेवढ्यापुरती ती सभ्य वागत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये हे उघड झाले. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या अमेरिकेतील प्रमुखाने तेथील संसदीय समितीपुढे दोष मोजक्या सॉफ्टवेअर अभियंत्यांवर टाकला. भारतात पुण्याच्या एआरएआयच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचे जाहीर केले. येथे शंका फिटली ती कोणाच्या पदवीने नव्हे. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या माणसाने मोजल्याने फिटली.

म्हणून आता शंका घेणाऱ्यांकडे वळतो, कारण ते आपलेच आहेत. मिस्त्रीच्या कानाला मी मानतो. टॅपेटचा आवाज, प्लगवरची काजळी, धुराचा रंग यांवरून तो जे ओळखतो ते पुस्तकात सापडणार नाही. पण तीन टक्क्यांची घट कानाला ऐकू येत नाही आणि एका टाकीत दिसतही नाही. ‘ई-२० घातले आणि अ‍ॅव्हरेज निम्मे झाले’ असे जो म्हणतो, त्याच्या गाडीत दुसरा काही बिघाड असला पाहिजे. वर केलेला ऊर्जेचा हिशेब त्याला आधार देत नाही. आपल्या आवडत्या कंपनीचे दोष पोटात घालून दुसरीचे चव्हाट्यावर मांडणारे हौशी लोकही मी पुष्कळ पाहिले. साहेबांना मागायचा तोच पुरावा त्यांनाही मागितला पाहिजे.

पुरावा गोळा करण्याची रीत सोपी आहे, चिकाटीची आहे. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नळीवर, पहाटेच्या थंडाव्यात टाकी भरावी. नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडली की थांबावे, वर थेंबभरही घालू नये. किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. टाकी बरीच उतरल्यावर पुन्हा तशीच भरावी आणि मधल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. चाकातली हवा दर वेळी सारखी ठेवावी, कारण मऊ चाक एकट्याने दोन-तीन टक्के खाऊन टाकते. माणसे किती, घाट होता काय, वातानुकूल यंत्र चालू होते काय, हेही शेजारी टिपावे. अशा निदान पाच-सहा टाक्या झाल्यावाचून सरासरी काढू नये. उन्हाळ्याच्या टाक्यांची तुलना पुढच्या उन्हाळ्याच्या टाक्यांशी करावी, पावसाळ्याच्या टाक्यांशी नको. गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर तेवढ्या दिवसांची नोंद वेगळी ठेवावी. इथेनॉल हवेतली ओल ओढते, आणि आपल्याकडचा पावसाळा लांबतो.

अशी वही घेऊन विक्री-दुरुस्ती केंद्रात गेलेल्या माणसाशी तेथील व्यवस्थापकाला वेगळ्या स्वरात बोलावे लागते. वार्ताहरालाही ती दाखवावी. त्याला नावागावासह, गाडीच्या वर्षासह, तारखांसह आकडे मिळतील, आणि त्याच्या बातमीतल्या वाक्याला कर्ता सापडेल.